समेळ सरांची आतली बातमी

भिवंडीत समेळ सरांनी किती जणांना कॉम्प्युटर घेताना अडवलं, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. ठेवला असता तर त्यात आमची शाळा, एक पतपेढी, दोन-चार लूमवाले म्हणजे यंत्रमागवाले आणि एक दातांचे डॉक्टर एवढे तरी नक्की निघाले असते. शिवाय सरांची सख्खी बायको, जिचं यात सगळ्यांत जास्त नुकसान झालं. हे सगळे लोक आपल्या पायांनी सरांकडे सल्ला मागायला गेले, एवढाच त्यांचा गुन्हा.

मी त्यांच्याबरोबर एकाच शाळेत अर्धं आयुष्य काढलं. ते विज्ञान शिकवायचे, मी भूगोल. त्यातून कामतघरच्या रस्त्याला आमच्या बिल्डिंगी एकमेकींना खेटून, आणि त्यांची बायको नलिनी माझी मैत्रीण. त्यामुळे शाळेतही सुटका नाही आणि घरीही नाही अशी माझी अवस्था होती. माणूस उंच, किडकिडीत. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि वरच्या खिशात टेस्टर, एसटीची तिकिटं आणि कात्रणं यांचा असा गठ्ठा की छातीची एक बाजू कायम सुजल्यासारखी दिसे. शिकवायचे मात्र उत्तम. पोरांवर कधी हात उगारला नाही, कोणाच्या मागे कोणाबद्दल वाकडं बोलले नाहीत. अशा माणसावर चिडायची सोय नसते. तरी मी त्यांच्यावर वर्षानुवर्षं चिडत आले, आणि अजूनही चिडते.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. आमच्या गावात कॉम्प्युटर म्हणजे बँकेतले लोक ज्याच्याविरुद्ध घोषणा देतात ती वस्तू, एवढंच लोकांना माहीत होतं. त्या काळात सरांना नाद लागला. कॉम्प्युटरचा नव्हे, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. त्यांना नाद होता पुढच्या कॉम्प्युटरचा. कॉम्प्युटरच्या आत प्रोसेसर नावाची एक चिप असते, बिस्किटाएवढी. तोच त्याचा मेंदू. अमेरिकेतली कंपनी दर काही वर्षांनी आधीच्यापेक्षा हुशार मेंदू काढायची आणि त्याला नंबर द्यायची. टू-एटी-सिक्स, मग थ्री-एटी-सिक्स, मग फोर-एटी-सिक्स. जो नंबर दुकानात मिळतो त्यात सरांना काडीचा रस नसे. जो अजून कारखान्याबाहेर पडलेला नाही, ज्याच्याबद्दल कंपनीनेही तोंड उघडलेलं नाही, त्याची मात्र त्यांना खडान्‌खडा माहिती असे.

सांगायची रीत ठरलेली होती. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये यायचे, दार लोटून घ्यायचे, एकदा खिडकीबाहेर पाहायचे आणि आवाज खाली आणायचे.

"बाई, पक्की नाही, पण आतली आहे."

मग त्या न जन्मलेल्या चिपचा वेग, तिला तारांचे पाय किती, ती तापते किती, हे सगळं ऐकावं लागे. खिडकीबाहेर शेजारच्या कारखान्यातल्या लूमची खडखड इतकी की सर ओरडले असते तरी चहाच्या टपरीपर्यंत पोचलं नसतं. आणि पोचलं असतं तरी ही बातमी चोरून विकणारा माणूस भिवंडीत कोण बसला होता? पण सर दार लोटायचे ते लोटायचेच. उन्हाळ्यात त्या खोलीत आम्ही उकडून निघायचो, पण कंपनीचं गुपित फुटू द्यायचो नाही.

ही बातमी येते कुठून, असं मी एकदा न राहवून विचारलं. सरांच्या चुलत मेव्हण्याचा मुलगा अमेरिकेत होता.

"त्या कंपनीत आहे?"

"कंपनीत नाही. कंपनीच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये आहे."

"तिथे काय करतो?"

"विम्याचं काम करतो. पण बाई, त्या सगळ्यांचं कॅन्टीन एकच आहे ना!"

म्हणजे कॅन्टीनमध्ये जेवताना शेजारच्या टेबलावरून कानावर पडलेलं अर्धं वाक्य तो मुलगा सुट्टीवर आल्यावर काकांना सांगणार आणि सर त्यावर वर्षभर इमले चढवणार. उरलेला माल मुंबईच्या फुटपाथवरून यायचा. तिथे जुनी इंग्रजी मासिकं वजनावर मिळत. त्यांतली 'असं ऐकिवात आहे', 'जाणकारांचा असा कयास आहे' अशी वाक्यं सर लाल पेन्सिलीने अधोरेखित करत. जिथे कंपनीने स्वतः काही जाहीर केलेलं असे ते पान ते वाचतही नसत. "छापून आलं की शिळं झालं," हे त्यांचं म्हणणं.

आता नलिनीबद्दल सांगते, कारण तिच्याशिवाय ही नुसती गंमत वाटेल, आणि ती तशी नाही.

नलिनीचा टायपिंगचा क्लास होता. बिल्डिंगच्या तळमजल्यावर रस्त्याकडची एक लांबट खोली, भिंतीला लावलेली टेबलं, त्यांवर इंग्रजी आणि मराठी मशिनं. सकाळी सातपासून टकटक सुरू. कारकुनी करणाऱ्या घरांतल्या मुली, लूमवाल्यांच्या मुली, बुरखा खुंटीला अडकवून बसणाऱ्या, वज्रेश्वरीकडून पहिल्या एसटीने येणाऱ्या, सगळ्या एका ओळीत. बोटांकडे बघायचं नाही म्हणून नलिनी त्यांच्या हातांवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालायची. "खाली काय बघतेस? बोटं कुठे पळून नाही जात," हे वाक्य मी माझ्या स्वयंपाकघरात बसून रोज ऐकलं आहे. सरकारी परीक्षेत तिच्या मुली कधी मागे पडल्या नाहीत. गावातल्या कितीतरी मुलींचा पहिला पगार त्या खोलीतून निघाला. आणि तो क्लास नलिनीचा होता, सरांचा नव्हे, याचा तिला फार अभिमान होता. तो तसा असायलाही हवा होता.

टाइपरायटरचे दिवस भरत आले आहेत, हे नलिनीला नवऱ्याच्या कितीतरी आधी कळलं. परीक्षा पास होऊन नोकरी शोधायला गेलेल्या मुली परत येऊन सांगायच्या, "बाई, ऑफिसात विचारतात, कॉम्प्युटर येतो का?" तिने सरांना सांगितलं, आपण एक मशीन घेऊ. तेव्हा बाजारात टू-एटी-सिक्स होता.

"अगं, आता घेणं म्हणजे वेडेपणा," सर म्हणाले. "थ्री-एटी-सिक्स येतोय."

तो आला. तेव्हा सरांकडे त्याच्या पुढच्याची आतली बातमी होती. बरं, हा माणूस स्वभावाने चेंगट असता तर मी समजू शकले असते. बाकी सगळ्यात सर उतावळे. हिरवेगार आंबे पेटीभर घेऊन यायचे, पाऊस थांबायच्या आत घराबाहेर पडायचे. नलिनी म्हणायची, "मला बघायला आले तेव्हा ताटलीतले पोहे संपायच्या आत हो म्हणाले. तेव्हा नाही म्हणाले, थांबू या, पुढची येतेय." हे ती हसत हसत म्हणायची. निदान तेव्हा तरी हसत होती.

झेरॉक्सचं प्रकरण त्याच सुमाराचं. एक दिवस सर स्टाफरूममध्ये आले ते जवळजवळ धावतच. दार लोटलं, कडीही घातली. खिशातून चार घड्यांचा एक कागद काढला. येणाऱ्या चिपचा फोटो. कोणीतरी कारखान्यात चोरून काढलेला, तो कुठल्याशा मासिकात आलेला, त्याची कोणीतरी केलेली झेरॉक्स, आणि सरांनी गावातल्या दुकानात केलेली तिची झेरॉक्स. मला तर पाटावर सांडलेली शाई दिसली. सरांनी प्रयोगशाळेतलं भिंग आणलं होतं. त्यातून त्यांनी चिपचे पाय मोजले. मग मला मोजायला लावले. माझं उत्तर वेगळं आलं, तर म्हणाले, "बाई, तुम्ही भूगोलवाल्या, तुमचं अंदाजपंचे असणार." पण खरी गोष्ट पुढे होती. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात, खालच्या बाजूला एक काळा लांबट ठिपका होता. त्यावर बोट ठेवून सर म्हणाले, "हा दुसरा मेंदू."

पुढचे पंधरा दिवस आम्ही दुसऱ्या मेंदूवर व्याख्यानं ऐकली. तो गणितं वेगळी सोडवणार, पहिल्याचा भार हलका होणार, कंपनीने तो मुद्दाम कोपऱ्यात दडवला आहे. नलिनीला निरोप गेला की आता तर घ्यायचा प्रश्नच येत नाही, दुसरा मेंदू येऊ दे.

मग माझ्या विषयाची सहामाही परीक्षा आली. मी नकाशाच्या प्रती काढून आणल्या आणि वर्गात वाटल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "बाई, हे अरबी समुद्रात कुठलं बेट आहे?"

बघते तर रत्नागिरीच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, तोच काळा लांबट ठिपका. दुकान तेच. झेरॉक्सवाल्याच्या काचेवर डाग होता. मी तो नकाशा तसाच हातात धरून प्रयोगशाळेत गेले आणि सरांच्या टेबलावर आपटला. त्यांनी भिंग घेतलं. फोटो पाहिला, नकाशा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. मला वाटलं, आता हसतील, आणि आपणही हसू.

"काचेवर डाग आहे खरा," ते शांतपणे म्हणाले. "पण बाई, फोटोत डागाच्या खाली काहीतरी आहे."

मी नकाशा उचलला आणि वर्गात गेले. आणि सांगायला लाज वाटते, पण ती नवी चिप आली तेव्हा तिच्यात गणितासाठी वेगळा भाग खरोखरच होता. ते कळल्यावर सर आठवडाभर माझ्याकडे बघून नुसते मान हलवत होते.

हमीदभाईंची गोष्टही सांगायला हवी. हमीदभाई म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचा लूमचा कारखाना होता ते. कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीतले, बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. त्यांची मुलगी नलिनीकडे टायपिंग शिकलेली. त्यांना सुताच्या आवक-जावकीसाठी कॉम्प्युटर हवा होता. सरांकडे गेले, सरांनी थांबवलं. पुन्हा गेले, पुन्हा थांबवलं. शेवटी त्यांनी मुंबईहून गुपचूप आणून बसवला.

एका शुक्रवारी, लूम बंद होते तेव्हा, मी आणि सर शाळेसाठी वर्गणी मागायला त्यांच्या ऑफिसात गेलो. आम्ही जिना चढत असतानाच आतून हमीदभाईंचा आवाज आला, "अरे सर आले, सर! चादर टाक लवकर!" आत गेलो तर टेबलावर कोरी मांजरपाटाची चादर पांघरून काहीतरी चौकोनी बसलेलं. सरांनी विचारलं, "हे काय?"

"काय नाय सर, सॅम्पल आहे कापडाचं," हमीदभाई म्हणाले. चादरीच्या आतून पंख्याची घुरघुर येत होती. सरांनी कापडाचा पोत चिमटीत धरून पाहिला, चांगला आहे म्हणाले आणि खुर्चीवर बसून त्यांना पुढच्या चिपबद्दल सांगू लागले. हमीदभाई माना डोलावत होते. निघताना मला जिन्यात थांबवून हळूच म्हणाले, "क्या करू बाई? देखके सर का दिल दुखेगा. भला माणूस आहे."

पुढे मला कळलं की चादर फक्त हमीदभाईंकडे नव्हती. दातांच्या डॉक्टरांकडे होती, पतपेढीत होती. सगळं गाव सरांना टाळून पुढे गेलं होतं. चादर टाकता येत नव्हती ती एकट्या नलिनीला.

तोवर नव्वदचं दशक लागलं होतं. फोर-एटी-सिक्स दुकानात आला होता आणि नलिनीच्या क्लासच्या संध्याकाळच्या बॅचमध्ये खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या होत्या. तिने हट्टच धरला. सरांनी या खेपेला नाही म्हटलं नाही. उलट नवी पाटी रंगवायला टाकली. 'नलिनी टायपिंग अँड कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट', आणि खाली 'येथे' एवढं लिहून मोकळी जागा, मग 'वर शिकवले जाईल'. मोकळी जागा तीन आकड्यांची. सरांनी ती फूटपट्टीने मोजून पेंटरकडून सोडवून घेतली होती, कारण पुढची चिप फाइव्ह-एटी-सिक्स असणार ही बातमी, पक्की नाही पण, आतली होती. "आली की आकडा भरायचा, मशीन आणायचं, त्याच दिवशी उद्‌घाटन!"

ती पाटी तशी बोडकी दीड-दोन वर्षं लटकली. रस्त्याने जाणारे वाचायचे, 'येथे वर शिकवले जाईल', आणि जिन्याकडे बघायचे. काही जण खरंच वरच्या मजल्यावर जाऊन दारं वाजवून आले.

आणि मग ती चिप आली. कंपनीने तिला नंबर दिलाच नाही. नाव दिलं. चांगलं लांबलचक नाव. पेंटर शिडीवर चढला, जागा पाहिली, खाली उतरला. "सर, यात बसवायचं तर मुंगीच्या डोक्याएवढं लिवाला लागंल."  कंपनीने आपल्याला विचारायला हवं होतं असा सरांचा एकंदर चेहरा. मला म्हणाले, "आतल्या माणसानेच आकडा सांगितला होता हो."

"आतल्या नव्हे, समोरच्या," मी म्हणाले.

याच काळात संजयने क्लास काढला. संजय नलिनीचाच विद्यार्थी, मराठी-इंग्रजी दोन्ही परीक्षा तिच्याकडूनच दिलेल्या. क्लास काढायच्या आधी तो रीतसर सरांकडे सल्ल्याला आला होता. सरांनी त्याला तासभर समजावलं की आता मशीन घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. पोराने सगळं ऐकून घेतलं, सरांच्या पाया पडला आणि तिथून थेट गावाबाहेर दापोड्याला गेला. तिथल्या एका गोदामात मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेले टू-एटी-सिक्स पडले होते, ते टेम्पोत घालून घेऊन आला. एसटी स्टँडच्या रस्त्याला गाळा घेतला, काचेचं दार लावलं, गारेगार एसी, बाहेर चपला काढायला फळी. महिन्याभरात त्या फळीवर नलिनीच्या मुलींच्या चपला दिसायला लागल्या.

नलिनीने तेव्हा मला घरी बोलावून माझ्या देखत सरांना सांगितलं. आवाज चढवला नाही. "या दिवाळीला मशीन आलं नाही, तर मी क्लास बंद करणार. मला तुमचं सगळं पटतं. पण माझा क्लास जातोय."

सरांनी हातातलं कात्रण खिशात घातलं. मग म्हणाले, "बरं. आणू." मला खोटं वाटलं, पण त्यांनी खरंच केलं. नव्या चिपचं मशीन सांगितलं, मुंबईच्या दुकानदाराला आगाऊ पैसे दिले, सुताराकडून टेबल करून घेतलं. नलिनीने खोलीला चुना दिला. मुलींनी नावं घातली, संजयकडे गेलेल्या तीन-चार जणीही परत आल्या. हमीदभाईंनी व्होल्टेज सांभाळायला स्टॅबिलायझर पाठवला. लूम सुरू झाले की आमच्याकडे दिवे खाली-वर व्हायचे. सोमवारी मशीन येणार होतं. नारळ आणून ठेवला होता.

रविवारी दुपारी सर माझ्या दारात. दार लोटलं नाही, आवाज खाली आणला नाही. इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"बाई! नवी चिप भागाकार चुकवते!"

आणि ते खरं होतं. या वेळी ती समोरच्या बिल्डिंगमधली बातमी नव्हती, वर्तमानपत्रांत आली होती. काही ठरावीक आकडे भागले की कुठेतरी लांबच्या दशांश स्थळाला उत्तर चुकायचं. एका माणसाने आयुष्यभर सगळ्यांना थांबा, थांबा म्हणावं आणि एक दिवस जगाने त्याला पुरावा आणून द्यावा, असं झालं होतं. सरांनी हमीदभाईंच्या ऑफिसातून दुकानदाराला फोन केला आणि मशीन रद्द केलं. मग घरी येऊन नलिनीला सांगितलं.

मी तिथेच होते. ती टेबल पुसत होती. तिने फडकं खाली ठेवलं.

"अहो, माझ्या मुली भागाकार करत नाहीत. त्या अर्ज टाइप करतात."

"पण चूक ती चूक, नलिनी. विज्ञानाच्या शिक्षकाच्या घरात चुकीचं मशीन यायचं? चार-सहा महिन्यांत दुरुस्त चिप येईल. एवढी थांबलीस, आता—"

नलिनीने पुढचं ऐकलं नाही. ती आत गेली आणि सोमवारी येणाऱ्या मुलींना कोणी काय सांगायचं हे मलाच निस्तरावं लागलं. दारात उभी राहून मी एकेकीला परत पाठवलं. त्या मुली तशाच चालत एसटी स्टँडच्या रस्त्याला लागल्या. मला अजून त्या दिवसाचा राग येतो. सरांनी कधी पोरांवर हात उगारला नाही, कोणाबद्दल वाकडं बोलले नाहीत, असं मी वर लिहिलं आहे. ते खोटं नाही, पण त्या दिवशी ते मला पुरेसं वाटलं नाही.

क्लास पुढच्या मे महिन्यापर्यंत रेटला. मग बंद झाला. इंग्रजी मशिनं कोणी भंगारात नेली, कोणी अशीच नेली. शेवटचं मराठी मशीन कोर्टाबाहेर अर्ज लिहिणाऱ्या एका म्हाताऱ्याने उचललं. नलिनी ते रिक्षात ठेवेपर्यंत बरोबर गेली आणि त्याला फीत कशी घालायची ते दाखवून आली. मी त्याच दिवशी सरांना गाठून तोंडावर सांगितलं, "सर, तुम्ही बायकोचा क्लास बुडवलात."

ते खिशातली कात्रणं नीट करत होते.  मग म्हणाले, "बाई, दुरुस्त चिप आली आहे. आता घ्यायला हरकत नव्हती."

यावर माणसाने काय करावं? डोकं फोडावं, पण कोणाचं?

काही दिवसांनी संजय नलिनीकडे आला. चपला बाहेर काढून उभा राहिला. म्हणाला, "बाई, माझ्या पोरांना मशीन येतं, पण बोटं येत नाहीत. एकेका बोटाने टिचक्या मारतात. तुम्ही या ना शिकवायला." स्वतःच्या विद्यार्थ्याकडे नोकरी करायची, हे तिला सोपं गेलं नसणार. ती गेली. पहिल्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे येऊन स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली.

"कुंदा, तिथे मला कुठलं मशीन दिलंय माहीत आहे? टू-एटी-सिक्स. मी पहिल्यांदा मागितलं होतं तेच." मग म्हणाली, "चांगलं चालतं गं."

सर निवृत्त झाले. तरी रस्त्यात गाठून बातमी द्यायचे. आता स्टाफरूमचं दार नव्हतं, म्हणून मागे वळून पाहायचे आणि मग बोलायचे. मी "दूध उतू जाईल" म्हणून सटकायचे, भर बाजारातसुद्धा.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे नाशिकला जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी नलिनीला भेटायला संजयच्या क्लासवर गेले. संध्याकाळची बॅच भरलेली होती. काचेतून ती दिसत होती, एका मुलीच्या खुर्चीमागे उभी. बाहेर फळीजवळ सर. हातात तिची पिशवी. रोज तिला न्यायला यायचे म्हणे, वेळेच्या बरंच आधी येऊन उभे राहायचे. आत कधी गेले नाहीत.

मला पाहून त्यांचे डोळे चमकले. मागे वळून पाहिलं, आवाज खाली आणला. पुढच्या चिपचं काहीतरी सांगायला लागले. वेग इतका, तापणं तितकं. मी हो हो करत काचेतून नलिनीला खूण केली की रिक्षा थांबवून ठेवली आहे, निघते. तिने हात वर केला.

तेवढ्यात एक लूमकामगार आला. ड्युटीवरूनच आला असावा, केसांत कापसाचे धागे. बरोबर परकर-पोलक्यातून नुकतीच पंजाबी ड्रेसमध्ये आलेली मुलगी. सरांच्या चष्म्याकडे आणि खिशाकडे बघून त्याला ते जाणकार वाटले असणार.

"साहब, ये क्लास कैसा है? लोग बोलते हैं इनका मशीन पुराना है. दो-चार महिना रुक जाऊँ क्या? दूसरा कोई खुलेगा."

मी कपाळाला हात लावला. रिक्षावाला भोंगा वाजवत होता, पण मला हलवेना. हा माणूस आता या मुलीला घरी पाठवणार, आणि तेही नलिनीच्या दारातून, तिच्याच पगारावर पाणी फिरवून. सरांनी तोंड उघडलं. मग काचेतून आत पाहिलं. नलिनी एका पोराच्या हातांवर पुठ्ठा धरून उभी होती.

"मशीन पुरानाच है," सर त्या माणसाला म्हणाले. "वो मेरेको मत पूछो. लेकिन सिखानेवाली बाई एकदम अच्छी है. रुको मत. आजच नाम डालो."

तो माणूस चपला काढून मुलीला घेऊन आत गेला. ती बाई आपली कोण, हे सरांनी त्याला सांगितलं नाही.